वाट चुकलेलें पाणी

मोटारीच्या मागील कांचेवर पाण्याचा फवारा उडविणारी योजना ही मोटारींतील सोयींपैकीं अगदीं किरकोळ सोय समजली जाते. एंजिन, ब्रेक, टायर यांची जशी काळजी वाहिली जाते, तशी या फवाऱ्याची कोणी वाहत नाहीं. एके दिवशीं कळ दाबूनहि मागल्या कांचेवर पाणी आलें नाहीं, तर बहुतेक मालक ती गोष्ट मनावर घेत नाहींत. कांच काय, फडक्यानेंहि पुसतां येते. दुरुस्तीचें काम पुढल्या सर्व्हिसिंगवर ढकललें जातें, आणि मधल्या काळांत, सवयीनें म्हणा वा आशेनें म्हणा, ती कळ अधूनमधून दाबली जातच असते.

अशा वेळीं विचारावयास हवा असा एक साधा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. कळ दाबल्यावर पंपाचा आवाज येत असेल, पुढच्या टांकींतील पाणी कमी होत असेल, आणि तरीहि मागली कांच कोरडीच राहत असेल, तर तें पाणी जातें कोठें? पाणी थांबलेलें नसतें. तें वाट चुकलेलें असतें. आणि चुकून ज्या वाटेला तें लागतें, ती वाट बहुधा विजेच्या तारांची असते. एका किरकोळ सोयीचा हा किरकोळ बिघाड पुढें बॅटरी, दिवे, कुलपें आणि मोटारींतील लहान लहान संगणक यांच्या मोठ्या व खर्चाच्या बिघाडाचें मूळ कसा बनतो, आणि तो वेळेवर ओळखावा कसा, हें समजून घेणें मोटार बाळगणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या हिताचें आहे.

मागल्या कांचेला धुण्याची गरज तरी कां पडावी, हें प्रथम पाहिलें पाहिजे. पुढच्या कांचेची गरज फार जुनी आहे. अमेरिकेंतील अलाबामा राज्यांत बर्मिंगहॅम येथें राहणाऱ्या मेरी अँडरसन या बाईंनीं, गाडीच्या आंत बसून हातानें फिरवितां येईल अशा कांच पुसण्याच्या दांडीचें पेटंट १९०३ सालीं मिळविलें. मागल्या कांचेचा प्रश्न मात्र त्यानंतरहि पुष्कळ वर्षें फारसा उपस्थित झाला नाहीं. ज्या मोटारीच्या मागें डिकीचा लांब भाग बाहेर आलेला असतो, तिची मागली कांच उतरती असते, आणि चाकांनीं उडविलेला चिखल त्या कांचेपर्यंत सहसा पोंचत नाहीं. २०१४ सालापर्यंत बनत राहिलेली अँबॅसडर हें या घडणीचें भारतांतील सर्वपरिचित उदाहरण होय.

परंतु मोटारीची पाठ उभी कापल्यासारखी केली, म्हणजे परिस्थिति पालटते. टपावरून वेगानें येणारा हवेचा प्रवाह मागल्या कडेशीं तुटतो, पाठीमागें कमी दाबाचा प्रदेश निर्माण होतो, आणि चाकांनीं उडविलेली धूळ व चिखलाचे तुषार त्या प्रदेशांत भोवऱ्यासारखे फिरून कांचेवर येऊन बसतात. १९६५ सालची रेनॉ १६, १९७४ सालची फोक्सवॅगन गोल्फ, आणि भारतांत १९८३ सालीं रस्त्यावर आलेली मारुति ८०० या मोटारींनीं मागें वर उचलावयाचें झाकण असलेल्या घडणीचा प्रसार केला. ही घडण अल्प जागेंत पुष्कळ सामान सामावून घेते, म्हणून ती शहरी कुटुंबांच्या पसंतीस उतरली. पण तिच्याबरोबर मागल्या कांचेला पुसणी आणि पाणी पुरविण्याचें कामहि आलें.

आतां हें पाणी मागें कसें जातें तें पाहावें. पाण्याची टांकी बहुतेक मोटारींत पुढें, एंजिनच्या शेजारीं असते. तिच्यांत दोन-तीन लिटरांपासून पांच लिटरांपर्यंत पाणी मावतें. टांकीच्या तळाशीं एक छोटासा विजेचा पंप बसविलेला असतो. पुष्कळ मोटारींत एकच पंप दोन्हीं कामें करतो. तो एका दिशेनें फिरला कीं पाणी पुढच्या कांचेकडे जातें, उलट दिशेनें फिरला कीं मागच्या कांचेकडे. तेथून शिसपेन्सिलीहून बारीक अशी एक नळी निघते. ती मोटारीच्या अंतर्भागांत शिरते, उंबरठ्याच्या बाजूनें गालिच्याखालून किंवा टपाच्या अस्तराखालून मागें जाते, मागल्या खांबाच्या पोकळीशीं पोंचते, आणि अखेर टपाच्या कडेवरून झाकणांत शिरते.

हें झाकण दिवसांतून अनेक वेळां उघडतें व मिटतें. म्हणून टप आणि झाकण यांच्यामध्यें भात्यासारखी वळ्यावळ्यांची एक रबरी बाही बसविलेली असते. झाकणावर जें जें विजेवर चालतें त्याच्या तारा याच बाहींतून जातात: पुसणीची मोटर, कांचेवरील दंव घालविणाऱ्या उष्ण तारा, उंचावरील ब्रेकचा दिवा, नंबराच्या पाटीचा दिवा, झाकणाचें कुलूप, आणि अलीकडे मागचें दृश्य दाखविणारा कॅमेरा. पाण्याची नळीहि बहुधा याच बाहींतून जाते, कारण हलत्या झाकणांत शिरण्यास दुसरी सोयीची वाट नसते. तात्पर्य, टांकीपासून कांचेपर्यंतच्या चार मीटरांहून अधिक लांबीच्या प्रवासांत बराच काळ, आणि त्या बाहींत तर अगदीं अंगाला अंग लावून, पाणी आणि वीज शेजारीं शेजारीं नांदत असतात. नळी धड आहे तोंवर हा शेजार निरुपद्रवी असतो.

नळी अखंड नसते, ही खरी मेख आहे. मोटार जोडतांना काम सुलभ व्हावें म्हणून ती दोन-तीन तुकड्यांत केलेली असते, आणि ते तुकडे एकांत एक दाबून बसविलेले असतात. नवेपणीं रबर लवचिक असतें व जोड घट्ट बसतो. पुढें उन्हाळ्यांतील उन्हांत उभ्या राहणाऱ्या मोटारीचें टप तापतें, अस्तराखालील नळी वर्षानुवर्षें भाजली जाते, आणि तिचें तोंड कडक होऊन पकड सोडूं लागतें. बाहींतील तुकडा तर प्रत्येक उघडझांपीबरोबर वाकतो. कालांतरानें त्याला चीर पडते. थंड प्रदेशांत आणखी एक कारण घडतें. शून्य अंशावर पाणी गोठतें व गोठतांना त्याचें आकारमान सुमारें नऊ टक्क्यांनीं वाढतें. त्या ताणानें जोड निसटतो. महाराष्ट्रांत हें भय नाहीं, पण त्याऐवजीं दुसरें आहे, तें म्हणजे जड पाणी.

पुष्कळ उपनगरांत विंधन-विहिरीचें किंवा टँकरचें पाणी वापरावें लागतें, आणि मोटारीच्या टांकींतहि तेंच भरलें जातें. अशा पाण्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. घरांतील गीझरमध्यें किंवा पाणी तापविण्याच्या भांड्यांत जो पांढरा थर बसतो, तोच थर फवाऱ्याच्या टांचणीएवढ्या छिद्रांत बसतो आणि छिद्र बुजतें. मग कळ दाबली कीं पंप पाणी ढकलीत राहतो, पुढें वाट नसते, नळींतील दाब वाढतो, आणि सगळ्यांत दुबळा जोड सुटतो. फवारा बंद पडण्याची तक्रार आणि जोड सुटण्याची घटना यांचा क्रम हा असा असतो. पाणी येत नाहीं म्हणून कळ अधिक वेळ व अधिक जोरानें दाबून धरणारा मालक नकळत तो जोड सुटण्यासच साहाय्य करीत असतो.

जोड सुटला म्हणजे पाणी कोठें जाईल हें जोडाच्या जागेवर अवलंबून असतें. टपाजवळ सुटला तर अस्तर ओलें होतें, किंवा खांबाच्या पोकळींतून पाणी डिकीच्या बाजूच्या कोनाड्यांत उतरतें. झाकणांत सुटला तर कुलूप व पुसणीची मोटर भिजते. पुढें उंबरठ्यापाशीं सुटला तर गालिच्याखालीं तळें साचतें. आणि सुटलेलें तोंड टांकींतील पाण्याच्या पातळीहून खालीं असेल, तर वक्रनलिकेच्या न्यायानें पंप बंद असतांनाहि पाणी वाहत राहूं शकतें. शिवाय पाण्याला तारेची सोबत मिळाली कीं तें तिच्या अंगावरून घरंगळत दूर जातें. तार जेथें उघडी असेल तेथें तर तें तांब्याच्या बारीक धाग्यांमधून, दिव्याच्या वातींत तेल चढावें तसें, आवरणाच्या आंतून चढतें व थेट दुसऱ्या टोकाच्या उपकरणांत प्रवेश करतें. टांकीच्या तळाशीं असलेल्या पंपाचें रबर झिजून त्याच्या विजेच्या जोडांत पाणी शिरलें, तरीहि हाच प्रकार घडूं शकतो.

मुंबईच्या चाळींत किंवा पुण्याच्या जुन्या वाड्यांत राहिलेल्या माणसाला हें नवें वाटूं नये. गच्चीवरची भेग एकीकडे असते आणि खोलीच्या छतावरचा डाग दुसरीकडे उमटतो. डागाच्या बरोबर वर सिमेंट थापणारा गवंडी दर पावसाळ्यांत पुन्हां बोलवावा लागतो. मोटारींतहि डाग आणि भेग एका ठिकाणीं सांपडत नाहींत.

पाणी विजेचें काय बिघडवितें, याविषयीं सामान्य समजूत अशी कीं पाणी लागलें कीं ठिणगी पडते, फ्यूज जातो, आणि प्रकरण संपतें. तसें होतें तर बरेंच सोपें होतें. अगदीं शुद्ध पाणी विजेचें वाहक म्हणून फार दुबळें असतें. परंतु टांकींतील पाण्यांत क्षार असतात, साबण असतो, वाटेंत त्याला धूळ मिळते, आणि तें बऱ्यापैकीं वाहक बनतें. मोटारींतील विजेचा दाब बारा व्होल्टांचा असतो. पाण्याचें विघटन होण्यास सव्वा व्होल्टाच्या आसपासचा दाबहि तत्त्वतः पुरतो. म्हणजे बारा व्होल्ट हे त्याच्या जवळजवळ दसपट झाले. जोडाच्या दोन पट्ट्यांमध्यें असें पाणी राहिलें, कीं तेथें एक अगदीं लहान रासायनिक कारखाना सुरू होतो. धन बाजूची पट्टी हळूहळू विरघळूं लागते, तांब्यावर हिरवा कळंक चढतो, आणि यंत्रपट्टीवर धातूचे केंसासारखे बारीक तंतू एका रेषेपासून दुसऱ्या रेषेपर्यंत वाढत जातात.

या झिजेचें गणित मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञानें १८३४ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमांवरून करतां येतें. अँपिअरचा हजारावा भाग एवढाच प्रवाह महिनाभर अखंड वाहिला आणि तो सर्व तांबें विरघळविण्यांत खर्ची पडला, तर पाऊण ग्रॅमहून अधिक तांबें नाहीसें होतें. ज्या पट्ट्यांवर एखादा जोड उभा असतो, त्यांचें वजन पाहिलें तर ही झीज लहान नव्हे, हें सहज पटेल.

आणि येथें फ्यूज कांहींच करीत नाहीं. दहा अँपिअरचा फ्यूज दहा अँपिअरपेक्षां बराच अधिक प्रवाह गेल्यावर वितळतो. हजारांश अँपिअरच्या चोरट्या गळतीची त्याला वार्ताहि नसते. फ्यूज हा दरोडेखोरासाठीं ठेवलेला पहारेकरी आहे. दररोज चिमूटभर धान्य नेणारी मुंगी त्याच्या डोळ्यांसमोरूनच जाते.

बॅटरीचा हिशेबहि असाच आहे. मोटार बंद करून कुलूप लावल्यावर तिच्यांतील उपकरणें कांहीं मिनिटांनीं जणूं निद्रिस्त होतात व अगदीं अल्प प्रवाह घेतात. पण भिजलेल्या जोडामुळें एखाद्या उपकरणास खोटीच सूचना मिळत राहिली, झाकण उघडेंच आहे अशी त्याची समजूत झाली, तर तें जागेंच राहतें. असें उपकरण अर्धा अँपिअर प्रवाह घेऊं लागलें, तर लहान मोटारीची पस्तीस अँपिअर-तासांची पूर्ण भरलेली बॅटरी सत्तर तासांत रिकामी होईल. आणि एंजिन सुरू करण्याची तिची शक्ति तर त्याच्या कितीतरी आधीं संपेल. शनिवारीं सकाळीं उभी केलेली मोटार सोमवारीं सकाळीं सुरू होत नाहीं, याचें मर्म पुष्कळदां एवढेंच असतें.

जुन्या मोटारींत बिघाडाची व्याप्ति मर्यादित होती. दिव्याची तार दिव्याला, भोंग्याची भोंग्याला. आतां तसें राहिलेलें नाहीं. जर्मनींतील बॉश कंपनीनें १९८६ सालीं पुढें आणलेल्या कॅन या पद्धतीनें मोटारींतील अनेक संगणक तारांच्या एकाच जोडीवरून परस्परांशीं बोलतात. तारांचें जंजाळ यामुळें कमी झालें हें खरें. पण त्या जोडीच्या एखाद्या टोकाशीं पाणी शिरलें, कीं सर्वांचेंच बोलणें बिघडतें. डिकींत भिजलेल्या जोडामुळें पुढच्या फलकावर निराळ्याच यंत्राच्या बिघाडाचा दिवा लागतो. त्यांतच मोटारीच्या मागील अंगास विजेचीं कामें वाढत चाललीं आहेत. १ जुलै २०१९ पासून भारतांत बनणाऱ्या नव्या मोटारींस, मागें सरकतांना अडथळ्याची सूचना देणारी योजना सक्तीची झाली; तिच्या तारा व तिचें यंत्र मागेंच असतें. एंजिनजवळचीं उपकरणें पाण्यापासून बंदिस्त केलेलीं असतात. त्यांपैकीं कांहीं तर एक मीटर पाण्यांत अर्धा तास बुडालीं तरी टिकावीं अशा कसोटीचीं असतात. उलट मोटारीच्या अंतर्भागांतील उपकरणें पुष्कळदां तशीं नसतात, कारण आंतली जागा कोरडी राहील असा रचनाकाराचा भरंवसा असतो. पाणी बाहेरून येईल, ही कल्पना त्यानें केलेली असते. तें नळीवाटे आंतूनच येईल, ही त्याच्या हिशेबांत नसते.

हा भरंवसा फसल्यावर एका सामान्य कुटुंबांत काय घडतें, तें कल्पनेनें पाहावें. मोटार पांच-सहा वर्षें वापरलेली आहे. मार्च महिन्यांत मागला फवारा बंद पडतो. तिकडे लक्ष जात नाहीं. एप्रिलमध्यें नंबराच्या पाटीवरचा दिवा विझतो; नवा बल्ब बसवून काम भागतें. मे महिन्यांत झाकणाचें कुलूप कधीं उघडतें, कधीं उघडत नाहीं. कुलूप बदललें जातें. जूनमध्यें बॅटरी उतरते. ती जुनी झालीच होती, म्हणून नवी घेतली जाते. तीहि पंधरा दिवसांत उतरते. मग रात्रीं मोटारीचीं कुलपें आपोआप खटखट करूं लागतात व शेजारपाजारचे लोक जागे होतात. तेवढ्यांत पाऊस सुरू होतो, डिकी ओली सांपडते, आणि सर्व दोष पावसाच्या माथीं मारून झाकणाभोंवतालचें रबर बदललें जातें. अखेर मोठें यंत्र निकामी ठरवून तेंहि बदललें जातें. आणि तें नवें यंत्र त्याच ओल्या कोनाड्यांत, त्याच ठिबकणाऱ्या नळीखालीं, पुन्हां बसविलें जातें.

यांत कोणी लबाडी केली असें म्हणवत नाहीं. प्रत्येक कारागिरानें समोर दिसणाऱ्या बिघाडावर प्रामाणिक इलाज केला. तरीहि घरच्या लोकांचा कारागिरावरील विश्वास उडतो, कारागिराला गिऱ्हाईक संशयी वाटूं लागतें, आणि ज्या कुटुंबानें पैपैसा जमवून मोटार घेतली, त्याला ती गळ्यांतली धोंड वाटूं लागते. पैशांहून मोठी गोष्ट सुरक्षिततेची आहे. मागला ब्रेकचा दिवा ज्या तारेवर अवलंबून आहे तीच तार कळकली असेल, तर पावसाळी रात्रीं महामार्गावर मागून येणाऱ्या ट्रकच्या चालकाला पुढची मोटार थांबत आहे हें कळावें कसें? आंत बसलेल्या मंडळींना तर आपला दिवा लागत नाहीं याचा पत्ताहि नसतो.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी मराठींत म्हण आहे. येथें ती अगदीं उलटी होऊन खरी ठरते. रोग खरोखरच पखालीला असतो, आणि औषधें मात्र रेड्याला दिलीं जात असतात.

तेव्हां निदान कसें करावें? पहिली गोष्ट काळाची. बिघाड सुरू होण्यापूर्वीं मागला फवारा मंदावला वा बंद पडला होता काय, हें घरांतील सर्वांनीं आठवून पाहावें. मोटार चालविणारांपैकीं कोणाच्या तरी तें ध्यानीं असतें. दुसरी गोष्ट ऋतूची. भर उन्हाळ्यांत डिकी ओली सांपडली तर पावसावर आळ घेतां येत नाहीं. तिसरी गोष्ट पाण्याच्या गुणाची. डिकींतील जादा चाक उचलून खालचा खळगा पाहावा. तेथील पाणी बोटांत चोळल्यास बुळबुळीत लागलें, फेंसाळलें, त्याला साबणाचा वास किंवा टांकींत घातलेल्या द्रवाचा निळसर रंग असला, तर तें टांकींतलें पाणी होय. पावसाच्या पाण्याला हे गुण नसतात. वातानुकूलनाचें पाणीहि साबणाविरहित असतें, आणि तें साचलेंच तर बहुधा पुढच्या पायांपाशीं साचतें.

शंका उरली तर टांकींत खाण्याचा रंग थोडासा मिसळावा, कोनाड्यांत पांढरे कागद पसरावे, एकानें मागें उभें राहून पाहावें आणि दुसऱ्यानें कळ केवळ दोन-तीन सेकंद दाबावी. कोणत्या कागदावर रंग उमटतो यावरून पाण्याची वाट कळते. कागद कोरडे राहिले आणि कांचेवर पूर्ण फवारा आला, तर मात्र दोष अन्यत्र, म्हणजे मागल्या दिव्यांच्या रबरांत, टपावरील आकाशतारेच्या बुडाशीं किंवा झाकणाच्या रबरांत शोधावा. ज्या मोटारीच्या विजेंत आधींच बिघाड दिसूं लागला आहे, तिच्यावर हा प्रयोग पुन्हां पुन्हां करूं नये. तेथें कारागिराचें निदानच बरें.

उपायांतील पहिला उपाय फुकटचा आहे: मागल्या फवाऱ्याची कळ दाबणें ताबडतोब बंद करावें. पाणी थेंबथेंब वाहतच असेल तर टांकी रिकामी करून ठेवावी. पुढच्या कांचेस पाणी लागतें, तेव्हां ही व्यवस्था तात्पुरतीच समजून दुरुस्ती लवकर करवून घ्यावी. नळीचा जोड शोधण्यासाठीं खांबांवरचीं आच्छादनें व टपाचें अस्तर सोडवावें लागतें, आणि येथें घरच्या हौशी माणसानें हात आंवरावा हें उत्तम. अनेक मोटारींत त्याच जागीं अपघाताच्या वेळीं फुगणाऱ्या एअरबॅग असतात. त्यांच्याशीं अजाणतेपणीं केलेली ओढाताण जिवावर बेतूं शकते. बॅटरीची जोडणी प्रथम सोडावी आणि जाणत्या कारागिरानेंच तें काम करावें.

कारागिराकडून कोणतें काम करवून घ्यावयाचें, हें मात्र मालकाला ठाऊक असावें. नळीचें कडक झालेलें टोंक कापून नवा जोड बसवावा, किंवा तो संपूर्ण तुकडाच बदलावा. सुटलेलें टोंक तसेंच पुन्हां खोंचलें तर तें पुन्हां निसटतें. फवाऱ्याचें छिद्र बुजलें असेल तर तें मोकळें करावें. क्षाराचा थर व्हिनेगरनें विरघळतो. भिजलेले विजेचे जोड नुसते वरून पुसून चालत नाहींत. ते उघडून, विजेच्या जोडांसाठीं मिळणाऱ्या द्रवानें स्वच्छ करून, पूर्ण सुकवून मगच जोडावे. तार कापल्यावर आंतील तांबें हिरवें वा काळें दिसलें, तर चकचकीत तांबें लागेपर्यंत ती मागें कापावी. गालिच्याखालील स्पंजासारखा थर आठवडेच्या आठवडे ओल धरून ठेवतो. तो बाहेर काढून वाळवावा. आणि कोणताहि फ्यूज वारंवार जात असेल, तर त्या जागीं मोठा फ्यूज बसविण्याचा मोह कटाक्षानें टाळावा. मग फ्यूजऐवजीं तारच तापते, आणि तापलेल्या तारेपासून आग लागते. बंद पडलेलें यंत्र बदलण्यापूर्वीं एक प्रश्न अवश्य विचारावा: "हें कशानें बिघडलें, आणि तें कारण दूर झालें काय?" या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत नव्या यंत्राचे पैसे मोजण्यांत अर्थ नसतो.

हा प्रसंग टाळण्यास फारसे सायास नकोत. टांकींत जड पाणी घालूं नये. गाळलेलें, क्षार काढलेलें पाणी व कांचेसाठीं मिळणारा द्रव घालावा. कपड्यांच्या साबणाचा चुरा किंवा भांड्यांचा साबण घालण्याची कांहीं घरीं पद्धत असते; त्याचा चिकटा छिद्रांत बसतो, म्हणून ती सोडावी. मागला फवारा महिन्यांतून एकदां तरी उडवून पाहावा. पाणी नळींत वर्षभर पडून राहिलें कीं क्षाराला बसावयास फुरसत मिळते. कळ दोन-तीन सेकंदांहून अधिक काळ दाबूं नये. झाकणाजवळची रबरी बाही सहा महिन्यांतून एकदां बोटांनीं चांचपून तिला चीर नाहीं ना हें पाहावें. आणि मागचा कॅमेरा, स्पीकर किंवा तत्सम वस्तु नव्यानें बसवून घेतल्यावर, दुकानांतून निघण्यापूर्वींच फवारा उडवून पाहावा. तारा ओढतांना शेजारची नळी निसटणें ही अगदीं सहज घडणारी गोष्ट आहे.

मोटार जसजशी अधिक शहाणी होत चालली आहे, तसतसे तिचे आजार ओळखणें अवघड होत आहे, अशी तक्रार ऐकूं येते, व तिच्यांत तथ्य आहे. परंतु या एका आजाराच्या बाबतींत मोटार अगदीं प्रारंभींच, कोणत्याहि यंत्राच्या साहाय्यावांचून, आणि कोणालाहि कळेल अशा रीतीनें सूचना देते: कळ दाबली जाते आणि कांच कोरडी राहते. त्या दिवशीं नळीचा जोड शोधला तर काम एका लहानशा तुकड्यावर भागतें. त्या दिवशीं न शोधला, तर तेंच पाणी पुढें दिवा, कुलूप, बॅटरी आणि संगणक असें एकेक दार ठोठावीत जातें, आणि प्रत्येक दारीं निराळा खर्च मागतें. म्हणून मागली कांच कोरडी राहिली, तर फडकें शोधण्यापूर्वीं पाणी शोधावें.